मागे राहिलेला पाय

"थांबव. हा पाय बघ," कोच म्हणाला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

सेक्रेटरीने व्हिडिओ थांबवला. ड्रेसिंग रूममध्ये घामट मोज्यांचा आणि मलमाचा वास कोंडला होता. कोचची नजर मात्र पडद्यावरच्या त्या पायावर खिळली होती. पाय ज्याचा, तो डावा बॅक दाराशी मान खाली घालून उभा होता. क्लबशी त्याचा पहिलाच करार आज पक्का व्हायचा होता.

कालचा सराव सामना ते एका गोलने हरले होते. चौघे बॅक एकदम पुढे सरकले, की समोरचा फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये अडकतो. काल तिघेच सरकले; डाव्या बॅकचा पाय मागेच राहिला आणि गोल झाला.

"उशीर झाला असेल," सेक्रेटरी म्हणाला. तो पूर्वीचा गोलकीपर. कोच बॅकला खेळायचा, तेव्हा कायम हाच त्याच्या पाठीशी. कोचला लोक 'भिंत' म्हणत. या जोडीने एकच फायनल गमावली, तीही लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला नाही म्हणून. त्या लाइन्समनचा विषय निघाला, की सेक्रेटरी अजून शिव्या घालायचा.

"उशीर? अरे, शेण खाल्लंय यानं! उशीर झालेला बॅक जीव तोडून पळतो. हा आधी हात वर करून ऑफसाइड मागतोय. म्हणजे सगळ्यांनी हाताकडे बघायचं, पायाकडे नाही. गोल झाला, की खापर लाइन्समनवर फोडायला हा शहाजोग मोकळा!"

"पण सराव सामना कोण विकत घेणार?"

"पैजा लावणाऱ्यांना काय, कुठलाही चालतो. किळस येते रे मला. ज्या क्लबचं मीठ खायचं, त्यालाच विकायचं! हाकल याला. आत्ताच्या आत्ता."

डाव्या बॅकने मान वर केली. त्याने फक्त सेक्रेटरीकडे पाहिलं.

"चुकून होत नाही ना असं?" सेक्रेटरीने हळूच विचारलं.

"छे! हे ठरवूनच करावं लागतं."

सेक्रेटरी उठला. त्याने बॅकच्या पाठीवर हात ठेवला. "जा बाळा, ऑफिसात जाऊन सही कर. छान केलंस."

कोच बघतच राहिला.

"आपल्या त्या हरलेल्या फायनलची टेप परवा हाती लागली," सेक्रेटरी म्हणाला. "ती याला दाखवली. म्हटलं, कोचचा पाय बघ, हात बघ, आणि सामन्यात हुबेहूब तस्संच कर."