बोलणारी वेबसाइट

"हे बी मुकीच आहे," पुरनलाल म्हणाले आणि त्यांनी मोबाइल खाटेवर ठेवला.

भुवनेश्वर चिडला. ही दुसरी वेबसाइट त्याच्या मनात भरली होती. पंपाचे मोठे, चकचकीत फोटो, बोट लावलं की सरकणारे. पण त्याच्या वडिलांना ते दिसत नव्हते. काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर नेली होती. पडद्यावर जे असेल ते मोबाइलच त्यांना वाचून दाखवायचा. आणि या वेबसाइटवर तो एवढंच बोलला होता : "चित्र. चित्र. बटण. चित्र."

कोहमारा फाट्यावर त्यांचं फवारणी पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पुरनलालांनी ते सव्वीस वर्षं चालवलं. नजर गेल्यावर मुलगा बसू लागला आणि ते घरी राहिले. सुरुवातीला त्यांनी दुकानाची चौकशी केली. भुवनेश्वर एका शब्दात उत्तर द्यायचा. मग त्यांनी विचारणं सोडलं. इकडे गिऱ्हाईक कमी होत गेलं, तेव्हा फुलचूरला दिलेली त्यांची मुलगी रिंकी म्हणाली, वेबसाइट काढू, लांबच्या गावचे लोक घरबसल्या माल मागवतील. ती एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. तिने तीन कंपन्यांच्या सेवेवर फुकटच्या मुदतीत एकेक नमुना तयार केला होता. मुदत आज संपत होती. तिन्हींपैकी एक घ्यायची होती.

"बाबूजीले थोडंच काही विकत घ्याचं आहे?" भुवनेश्वर म्हणाला. "गिऱ्हाईकाले दिसलं म्हणजे झालं."

"दुकान बाबूजीच्या नावाचं आहे, भाऊ," रिंकी म्हणाली. "पयले त्याहिले तं आत जाता आलं पायजे."

तिने तिसरी वेबसाइट उघडून मोबाइल वडिलांच्या हातात दिला. ही अगदी साधी होती. पांढरा पडदा, लहान फोटो. पण प्रत्येक वस्तूखाली मराठीत माहिती लिहायला जागा होती, आणि ती मोबाइलला वाचता येत होती.

"नोझल. पितळी. चार छिद्रांचं. पाठीवरच्या पंपासाठी. खरेदी करा, बटण."

पुरनलाल ताठ बसले. त्यांनी बोट पुढे सरकवलं.

"वॉशर. काळा."

ते थांबले. मोबाइल पुढे काही बोलेना. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं.

"वॉशर. काळा."

"कोणता वॉशर?" त्यांनी विचारलं.

रिंकीने भावाकडे पाहिलं. नोझलची माहिती तिने डब्यावरून उतरवली होती. बाकीचं भुवनेश्वरने जसं पाठवलं तसंच टाकलं होतं.

"फोटो आहे ना त्याच्यावर," भुवनेश्वर म्हणाला.

"आपल्या दुकानात काळे वॉशर अकरा जातीचे आहेत गा," पुरनलाल म्हणाले. " फोटोत सारे सारखेच दिसतीन. लोकं मागवतीन कोणता?"

रिंकीला वाटलं, आता भाऊ उठून जाणार. तो उठला नाही.

"मले नाही माहीत," तो म्हणाला.

"काय नाही माहीत?"

"वॉशर. मले पार्टच समजत नाहीत, बाबूजी. जुना पार्ट कोणी आणला तं डब्यात हात घालून जुळवून पाहतो. नाही जुळला तं संपला म्हणून सांगतो. म्हणून तं मले फोटोवाली पायजे होती. फोटोले नाव लागत नाही. पुढच्या महिन्यात शटर पाडून रायपूरले गोडाऊनच्या कामावर जाणार होतो."

रिंकीला हे ठाऊक नव्हतं. पुरनलालांनी अंदाजाने हात पुढे केला आणि मुलाचा खांदा धरला.

"मंग मले काऊन नाही विचारलं?"

"तुमी दुकानाचं नावच काढून नाही राहिले. मले वाटलं, तुमाले तरास होते."

"अन् मले वाटलं, तुले माही गरजच नाही राहिली."

पुरनलालांनी लांब श्वास सोडला. दोन वर्षांत त्यांच्या पाठीला आलेला बाक त्या श्वासासरशी थोडा सैल झाल्यासारखा रिंकीला वाटला. तिने काही न विचारता तिसऱ्या वेबसाइटचे पैसे भरून टाकले.

भुवनेश्वर गाडी काढून फाट्यावर गेला आणि वॉशरचे सगळे डबे पोत्यात घालून घेऊन आला. ओसरीत चादर अंथरली. पुरनलाल एकेक वॉशर उचलत, अंगठा आतून फिरवत, दाबून पाहत आणि सांगत. भुवनेश्वर लिहून घेई.

"हा दट्ट्याचा. सोळा लिटरच्या पंपाचा. एका बाजूनं कड आहे, ते खाली बसते. कड वर बसवली तं पंप हवा सोडते, हे बी लिही."

भुवनेश्वरने लिहिलं. मग त्याने स्वतः एक उचलला, अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा नळीच्या तोंडाचा ना?"

"बरोबर."

दुपारपर्यंत दहा झाले. अकरावा वॉशर पुरनलालांनी बराच वेळ बोटांत फिरवला. दाबला, कानाजवळ नेऊन वाकवला. भुवनेश्वर लिहायला तयार होऊन बसला होता.

"याचं काय लिहू, बाबूजी?"

पुरनलालांना हसू आवरेना.

"कायचा आहे, मले बी माहीत नाही गा. सव्वीस वर्षं हा मी अंदाजानंच देत होतो."