पाचर

मांपाँगचा घाट उतरताना मागच्या चाकांचे ब्रेक-ड्रम तापून ब्रेक लागेनासे झाले, तेव्हा कुठे म्हाताऱ्या आदुत्वुमने आपली जुनी गाडी सुआमेच्या एन्टिम फिटरकडे आणली. फिटरने भंगारात आलेल्या एका नव्या मॉडेलच्या गाडीचे डिस्क ब्रेक मागच्या चाकांना बसवले. आता हँडब्रेकची केबल तेवढी जोडायची राहिली होती.

आदुत्वुम खायला मक्याचे केंके आणायला गेला होता. त्याची बायको सेर्वा मांडीवर लाकडी पाचर घेऊन बाकावर बसली होती. जुना हँडब्रेक कधीच धरत नसे. घाटात गाडी थांबली की चाकामागे पाचर लावायला तीच खाली उतरायची. एकोणीस वर्षं दर बाजाराला ती त्यासाठीच बरोबर जात होती.

"ती केबल जोडली की चढावर गाडी आपली आपण उभी राहील?"

"राहील की, आजी."

सेर्वाने रस्त्याकडे पाहून घेतलं. नवरा अजून दिसत नव्हता.

"मग नको जोडूस. त्यांना सांग, बसत नाही म्हणून."

फिटर हसत सुटला. "अहो आजी, तुम्हाला हेच सांग म्हणून म्हातारबांनी सकाळीच बजावलंय मला."