बिनकेमिकलची उदबत्ती

मुलुंडच्या दुकानात वनमालाने उदबत्तीचा पाचवा पुडा नाकाशी धरला. "केमिकल नको हां, भाऊ. ह्यांच्या छातीला सोसत नाही. कामावरून आले की घटकाभर निवांत पडावं, एवढंच."

"ही न्या, ताई. निव्वळ चंदन आणि ऊद. लावताना खिडकी मात्र उघडी ठेवा."

वनमालाने पुडा खाली ठेवला. "खिडकी उघडता आली असती तर उदबत्ती कशाला लागली असती? समोरच ह्यांच्या कंपनीचं धुराडं आहे. उशीलासुद्धा तोच वास."

"मग सोडायला सांगा की ती नोकरी!"

"सोडतायत ना, पहिल्या तारखेला. त्यांच्या जागी आमच्या मुलाला घेतायत, नंदूला."

तिने तोच पुडा पुन्हा उचलला.

"दोन द्या."