दारामागचा निळा कोट

कोळशाच्या खाणीत तीस वर्षं मी काढली, पण फुप्फुसं खराब झाली ती माझ्या बायकोची. “कोळसा यानं खाल्ला, ढेकरा मला येताहेत,” लुत्सिया काटोव्हित्से शहरातल्या डॉक्टरीणबाईंना धापा टाकत सांगत होती. बाईंनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, “घरात पक्षी पाळलेत?” “घरात एकही नाही. शर्यतीची कबुतरं आहेत याची, ती परसातल्या खुराड्यात. मी तिकडे फिरकतसुद्धा नाही.” “मग यांचे कपडे कोण झटकतं?” कोट बदलला की कबुतरं बुजतात, म्हणून वीस वर्षं मी खुराड्यात एकच निळा कोट घालून जायचो. आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारामागे टांगायचो, आणि ती रोज तो झटकायची. “कबुतरांच्या पिसांची धूळ आहे ही. फुप्फुसावर पडलेले व्रण आता जायचे नाहीत,” बाई म्हणाल्या. “गोळ्या देते. पण कबुतरं गेली, तरच उरलेलं वाचेल.” त्याच आठवड्यात सगळी कबुतरं मी लांबच्या गावी कबुतरं पाळणाऱ्या एर्विनला देऊन टाकली आणि कोट जाळला. रविवारी म्हातारी करडी मादी एकटीच उडत परत आली. छपरावर बसून तिनं मला निरखलं. माझ्या अंगात कोट नव्हता. ती खाली उतरेना. खिडकीतून लुत्सिया म्हणाली, “अरे, शीळ... घाल ना. आवाज तरी... ओळखेल ती.” ओठांवर आलेली शीळ मी गिळली आणि बाहेरूनच खिडकी लोटली.