पंगतीचं कारण

पंचाण्णवच्या निवडणुकीत उमेदवार दिनानाथशेठनी पेणच्या खाडीकाठी मतदारांना मटणाची पंगत घातली, आणि प्रचाराचा खर्च तपासणारा साहेब कॅमेरावाल्यासकट मांडवात येऊन उभा राहिला. शेठ घाईघाईने हात जोडू लागले.

तेवढ्यात त्यांचा मुलगा जितेश पुढे सरसावला. “प्रचार नाय साहेब, माझा साखरपुडा हाय!” आणि वाढायला आलेल्या नूतनला त्याने शेजारी उभं केलं. मिठागरातल्या कान्हूची ही पोर सून म्हणून दारात नको, असं शेठनी घरी कधीच बजावलं होतं. आता कॅमेऱ्यापुढे हसत हसत त्यांनीच चहाच्या साखरेचा पुडा बांधून तिच्या ओटीत घातला.

साहेबाची जीप वळताच शेठ गरजले, “ह्याला खबर दिली कोणी?”


नूतन पदर सावरून त्यांच्या पाया पडली. “मीच, मामंजी.”