तक्रारीचा फोन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नंदाच्या बोर्डावरची पत्र्याची झाकणं खटाखट पडू लागली आणि तिला हसू आवरेना. एक झाकण पडलं म्हणजे कुणीतरी फोन उचलला. मग वायरचं एक टोक त्या भोकात खुपसायचं, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि दुसरं टोक सांगितलेल्या नंबरात. एरवी या दिवसांत मुंबईवाल्यांचे बंगले बंद असत आणि बोर्ड झोपलेला असे. आज मात्र अख्खं लोणावळं बोलत सुटलं होतं.

"नंबर प्लीज."

"नंदाताई, म्या बुधा. भुशीच्या वाटेवरल्या बंगल्याचा माळी. शेजारच्या बंगल्यात जानूला लावा."

"बुधादादा, जानू तर तुमच्या कुंपणापलीकडेच असेल!"

"व्हय, ह्यो काय, हात करतोय. पर लावा तुमी. आकडा वाढाय पायजे."

नंदाने हसत हसत फोन जोडला. मालक नसलेल्या बंगल्यांत, चादरी घातलेल्या खुर्च्यांमध्ये उभे राहून, माळी एकमेकांना काय जेवलास ते विचारत होते. चिक्कीवाले सोपानशेठ बाजारातल्या एकेका दुकानदाराला फोन करून शेंगदाण्याचा भाव विचारत होते. भाव त्यांनीच सकाळी सगळ्यांना सांगितलेला होता.

आज शुक्रवार होता, आणि हे सगळं येसूबाईंमुळे. पहिल्या बोर्डावरच्या या थोरल्या ऑपरेटरने दोन दिवस प्रत्येक फोन जोडताना गिऱ्हाइकाच्या कानात सांगितलं होतं, "शुक्रवारी पुण्याचं ऑफिस आपलं काम मोजणार आहे. फोन कमी भरले तर दुसरा बोर्ड बंद. मग आपली नंदा घरी."

नंदा टेंपररी होती. घरी म्हणजे वडिवळ्याला. तिथे मामाने एक स्थळ धरूनच ठेवलं होतं. कानाला हेडफोन लावून बसणारी त्या गावची ती पहिलीच मुलगी, आणि हेडफोन उतरवायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

सकाळी वडील आले होते, कोंडाजी. भाकरीचं गाठोडं त्यांनी खिडकीतूनच दिलं.

"नंदे, तुजा सायेब कुटं बसतो?"

"पुण्याला, आबा."

"त्यानं तुला कवा बगितलंय का?"

"नाही. तो फक्त आकडे बघतो."

"आस्सं," म्हणून कोंडाजी पटका सारखा करत निघून गेले. यष्टी पकडायला गेले असतील, असं नंदाला वाटलं.

कोपऱ्यात टाइपरायटरसारखं दिसणारं एक यंत्र होतं. पुण्यात साहेबांनी बटणं दाबली की इथे कागदावर इंग्रजी अक्षरं उमटत. साहेब पाल्हाळ लावत नसत. एकच शब्द यायचा, "रिपोर्ट". उत्तरात चार आकडे टाइप करायचे: किती फोन मागितले, किती जोडले, किती थांबून राहिले, किती तुटले. पाचवं काही लिहायचं नाही. ऊन आहे, धुकं आहे, ऑपरेटर गुणी आहे, यातलं काहीही त्या यंत्राला चालत नसे.

दुपारी गडबड झाली. पुण्याच्या दोन लाइनींपैकी एक अडकली ती सुटेचना. फोन तुंबू लागले.

"येसूबाई, कोण बोलतंय हो एवढं?"

"पोस्टातल्या बूथवरून आहे. तक्रारीचा फोन. थेट साहेबांना जोडून मागितला."

नंदाचं हसू गेलं. तक्रारीचा फोन फुकट असे. तो ऑपरेटरने ऐकायचा नाही आणि कुणीही, अगदी साहेबांनीसुद्धा, मधेच तोडायचा नाही, असा नियम होता.

"कुणाचा आवाज?"

"ओळखीचा नाही गं. खेड्यातला वाटला. तावातावाने 'सायेब द्या' म्हणाला."

आजच्याच दिवशी, त्याच साहेबांकडे! कुणाचा राँग नंबर लागला होता? कुणाला ती फटकन बोलली होती? नंदा वायरी खुपसत होती आणि आठवत होती. लाइन सुटत नव्हती. तिकडे बुधाचा पुन्हा फोन आला. "ताई, जानूसंगं बोलाय आता कायबी उरलं न्हाई. दुसरा कुनी द्या की!" या वेळी तिला हसताही येईना.

एवढ्यात यंत्र खडखडलं. रिपोर्ट.

मागितलेल्यांचा आकडा असा होता की लोणावळ्याने तो कधी पाहिला नव्हता. पण तिसरा आकडाही तसाच होता. तिथे रोज शून्य असायचं. आज ओळीने माणसं ताटकळली होती, त्या एका तक्रारीपायी.

"शून्य टाक," येसूबाई हळूच म्हणाल्या. "कोण बघायला येतंय?"

नंदाने खरा आकडा टाइप केला. चौथाही खराच. आणि हात मांडीवर ठेवून बसली.

यंत्र बराच वेळ गप्प होतं. पुण्याची ती लाइन अजून अडकलेलीच होती. मग अक्षरं उमटू लागली, नेहमीपेक्षा सावकाश, जणू साहेब एका हाताने टाइप करत होते. ओळ संपली, दुसरी आली, तिसरीही आली. साहेबांनी इतकं कधीच लिहिलं नव्हतं.

"मला नाही वाचवत. तुम्ही वाचा," नंदा म्हणाली.

येसूबाईंनी चष्मा लावला, कागद फाडला आणि मराठी करत करत मोठ्याने वाचला:

"दुसरा बोर्ड राहील. मुलगीही राहील. आता कृपा करून कोंडाजींना फोन खाली ठेवायला सांगा."