वापरणारं कोणीच नाही

प्रफुल चामोर्शीत घरी बसून एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, तपासतो. जगभरातले लोक कोडमध्ये बदल पाठवतात आणि हा त्यांच्या चुका काढतो. परवा एका जर्मन माणसाने सुचवलं की जाड केबलच्या त्या खडखड्या प्रिंटरचा जुना ड्रायव्हर आता काढून टाकू. प्रफुलने लगेच लिहिलं, "सहमत. हा प्रिंटर आता जगात कोणीच वापरत नाही." आणि त्याच उत्साहात तो ड्रायव्हर काढलेली नवी सिस्टिम चाचणीसाठी बायकोच्या धर्मकाट्यावरच्या, म्हणजे गाड्या तोलायच्या वजनकाट्यावरच्या, कॉम्प्युटरमध्ये टाकून दिली.

सकाळी दिव्यानीने धानाचा पहिला ट्रॅक्टर तोलला आणि पावतीचं बटण दाबलं. तिथला जाड केबलचा खडखड्या प्रिंटर ढिम्म. ट्रॅक्टरांची रांग पार बस स्टँडपर्यंत गेली, तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावला.

"अजी, काय करून ठेवलं तुमी प्रिंटरले? एक पावती निघून नाई राह्यली, अन् हे लोकं माया डोक्यावर हॉर्न वाजवून राह्यले!"

प्रफुलने घाईघाईने जर्मनीला कळवलं, "ड्रायव्हर काढू नका. वापरणारी एक बाई सापडली आहे."

तिकडून उत्तर आलं, "खरंच? तुम्ही ओळखता का त्यांना?"



प्रफुलने लिहिलं, "मी ओळखतो. त्या मला ओळखतील का, ते संध्याकाळी जेवायच्या वेळी कळेल."